अडकलेली शिंक

सिंक म्हणजे एकच माहिती दोन किंवा अधिक यंत्रांवर सारखी ठेवण्याची व्यवस्था. शब्दाचे मूळ ग्रीक आहे. ‘सिन’ म्हणजे बरोबर आणि ‘क्रोनोस’ म्हणजे काळ. हिंगोलीच्या मोंढ्यात हा शब्द ‘शिंक’ असा उच्चारला जातो, आणि अर्थाच्या दृष्टीने हा उच्चार मुळाहून अचूक आहे. शिंक येणार असे वाटते, माणूस हातातले काम टाकून, डोळे मिटून, तोंड वासून थांबतो, आणि ती येत नाही. ‘शिंक झाली का?’ असे मालक विचारतात. ‘अडकली, मालक,’ असे मुनीम सांगतो. पडद्यावर दोन बाण एकमेकांची शेपटी धरून गोल फिरत असतात. हळद पॉलिश करण्याचा ढोलही असाच फिरतो. फरक एवढाच, की ढोलातून शेवटी हळद बाहेर पडते.

या विषयाच्या अभ्यासाला हिंगोली जिल्हा सोयीचा आहे. १ मे १९९९ रोजी तो परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे त्याचे पाच तालुके आहेत, आणि या पाचही तालुक्यांत हळदीचा व्यवहार चालतो. नमुन्यादाखल हळदीचे एक आडत दुकान घ्यावे. दुकानात एक संगणक असतो. तो मुनीम वापरतो. घरी एक लॅपटॉप असतो; तो चिरंजीवांनी पुण्याला नोकरी लागल्यावर जुना झाला म्हणून दिलेला असतो. मालकांच्या खिशात मोबाईल असतो. तिन्ही यंत्रांत ‘हळद’ नावाची एकच फाईल असावी, तीत कोणाची किती पोती आली, कांडीचा काय भाव लागला, गट्टूचा काय लागला आणि कोणाची पट्टी द्यायची राहिली हे नोंदलेले असावे, आणि एका ठिकाणी लिहिले की तिन्ही ठिकाणी दिसावे, एवढीच अपेक्षा असते. या अपेक्षेपासून सर्व दुःखांना सुरुवात होते.

सिंकचा इतिहास जिल्ह्यात फार मागे नेता येतो. औंढा नागनाथ येथे संत नामदेव कीर्तनाला उभे राहिले असता त्यांना देवळामागे जायला सांगण्यात आले. तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे. नंदी मात्र होता तिथेच राहिला, म्हणून तो आज देवळाच्या मागच्या बाजूला दिसतो, असे सांगतात. आजच्या परिभाषेत, मूळ प्रत बदलली आणि दुसरी बदलायची राहिली. भाविकांनी हा फरक पिढ्यान्‌पिढ्या समजूतदारपणे सांभाळला आहे; नंदी जिथे आहे तिथे जाऊन ते नमस्कार करतात. संगणकापुढे बसलेल्या माणसात एवढा समजूतदारपणा आढळत नाही. तो माउस आपटतो.

संगणकावरील इतिहास त्यामानाने अलीकडचा आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ मध्ये ‘ब्रीफकेस’ नावाची सोय होती. फाईल ब्रीफकेसमध्ये घालायची, ब्रीफकेस फ्लॉपीवर घ्यायची, दुसऱ्या संगणकावर काम करायचे आणि परत आणून जुळवून घ्यायचे. त्यानंतर पेनड्राइव्हचे युग आले. पेनड्राइव्हची मुख्य अडचण अशी, की तो नेहमी दुसऱ्या शर्टाच्या खिशात असतो. ड्रॉपबॉक्स या सेवेचा जन्म याच अडचणीतून झाला. तिचे संस्थापक ड्रू ह्यूस्टन बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने निघाले आणि पेनड्राइव्ह घरीच राहिला, म्हणून त्यांनी बसमध्येच नव्या व्यवस्थेचे काम सुरू केले, असे ते सांगतात. हिंगोली आगाराच्या एस.टी.त असे घडले असते, तर चिरंजीवांनी घरी फोन केला असता, पुढच्या गाडीच्या कंडक्टरकडे पेनड्राइव्ह दिला गेला असता आणि एक जागतिक उद्योग जन्माला यायचा राहिला असता.

सिंकची कार्यपद्धती सोपी आहे. प्रत्येक यंत्र स्वतःजवळ एक प्रत ठेवते. कुठे बदल झाला की तो दूरच्या सर्व्हरला कळवला जातो आणि सर्व्हर तो बाकीच्या यंत्रांना कळवतो. नेट चालू असेल तोवर हे सुरळीत चालते. नेट गेले की प्रत्येक यंत्र आपापल्या परीने संसार चालू ठेवते आणि नेट आल्यावर तिघेही आपलेच खरे म्हणून सर्व्हरपुढे उभे राहतात. भावाभावांत वाटणीच्या वेळी होते तेच इथे होते. फक्त पंच मंडळी नसतात.

तंटा मिटवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत शेवटी ज्याने लिहिले त्याचे खरे धरले जाते. ही पद्धत यंत्रांनी शोधलेली नाही. घरोघरी ती पूर्वापार चालू आहे. दुसरीत दोन्ही प्रती ठेवल्या जातात आणि एकीच्या नावापुढे ‘विसंगत प्रत’ असा शेरा मारला जातो. हीही नवी नाही. पंचांगात स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी कधी कधी लागोपाठच्या दोन दिवशी येतात. तिथे कोणी कोणाची एकादशी पुसत नाही, दोन्ही छापतात. घरात एकाची आज आणि दुसऱ्याची उद्या असते आणि साबुदाण्याची खिचडी दोन्ही दिवस होते. विसंगत फाईलमधून असा काही लाभ होत नाही.

दुसऱ्या पद्धतीचा परिणाम म्हणजे फाईलींची वंशवेल. मूळ ‘हळद’पासून ‘हळद नवीन’ होते. तिच्यापासून ‘हळद नवीन फायनल’, मग ‘हळद फायनल फायनल’, मग ‘हळद खरी’, आणि शेवटी मुनिमाने संतापाने नाव दिलेली ‘हळद हात लावू नये’. एप्रिल सरता सरता अशा अकरा हळदी जमतात. शेतकरी पट्टी घ्यायला येतो तेव्हा संवाद पुढीलप्रमाणे होतो :

‘मालक, माझी पोती किती?’

‘फायनलमध्ये बावीस हायत. खरीमध्ये एकोणीस.’

‘आन् हात लावू नयेमध्ये?’

‘तिला हात लावता येत नाही.’

अखेर शेतकरी खिशातून बिडीच्या बंडलाचा कागद काढतो. त्यावर पेन्सिलीने एकवीस लिहिलेले असते, आणि तेच बरोबर निघते.

‘शेवटी लिहिले ते खरे’ या नियमाला कोण शेवटी लिहितो हे ठाऊक असावे लागते, आणि त्यासाठी प्रत्येक संगणकाचे घड्याळ बरोबर असावे लागते. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ एका छोट्या गोल सेलवर चालते. तो सेल संपला की प्रत्येक वेळी चालू होताना संगणक कारखान्यात ठरवून दिलेल्या एखाद्या जुन्या १ जानेवारीला जाऊन बसतो. अशा संगणकावर मुनिमाने दिवसभर घाम गाळून जे लिहिले, ते घरच्या लॅपटॉपच्या दृष्टीने पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे असते आणि म्हणून टाकाऊ ठरते. ब्राउझरही अडून बसतो. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची आणि अखेरीची तारीख असते. भूतकाळात बसलेल्या संगणकाला ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलेच नसते. मग ‘आपले घड्याळ मागे आहे’ अशी सूचना येते. मुनीम मान वर करून भिंतीकडे पाहतो. ‘कुठं मागं हाय? पाच मिनिटं पुढंच हाय.’

या सेलवर सीआर २०३२ असे कोरलेले असते. त्यातील २० म्हणजे व्यास वीस मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. सेल बदलायला सांगितले असता मुनिमाने त्याची पाहणी करून तो परत जागेवर बसवला. ‘कशाला उगं खर्च? २०३२ पर्यंत चालतो. त्याच्यावरच लिवलंय.’

घड्याळाच्या या प्रश्नाला जिल्ह्यात लवकरच शास्त्रीय महत्त्व येणार आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांत लेसर किरण सोडून तिथे प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म फरक मोजायचा आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर प्रथम पकडली गेली, तेव्हा अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड या सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन वेधशाळांत ती सात मिलिसेकंदांच्या फरकाने पोहोचली होती. हा फरक कळला तो दोन्हीकडची घड्याळे जुळलेली होती म्हणून. एक अब्जाहून अधिक वर्षे प्रवास करून आलेली लहर जुळते. दुकानापासून घर चार गल्ल्या दूर आहे आणि मंगळवारची हळद शनिवारपर्यंत पोहोचत नाही.

पुढचा प्रकार पुसण्याचा. सिंक आणि बॅकअप या दोन गोष्टी एकच आहेत, अशी समजूत सर्वत्र आहे. शेतकऱ्याला यातील फरक सहज समजावा. हळदीचे पीक निघाले की पुढच्या लागवडीसाठी बेणे वेगळे काढून सावलीत झाकून ठेवतात. भाव कितीही वाढला तरी ते मोंढ्यात नेत नाहीत. बॅकअप म्हणजे बेणे. सिंकमध्ये बेणे नसते. एका ठिकाणी पुसले की सिंक अत्यंत इमानदारीने सर्व ठिकाणी पुसते, आणि तिचे हे एकच काम असे आहे की ते कधी अडकत नाही. मोबाईल भरला म्हणून भाच्याने मामांच्या मोबाईलवरचे कळमनुरीच्या लग्नाचे फोटो पुसले. विचारल्यावर तो म्हणाला, ‘मामा, मोबाईलमधूनच पुसलेत. मेन तर वर हायत ना.’ वर म्हणजे कुठे, हे त्याला विचारले नाही, कारण त्या क्षणापर्यंत ‘वर’वर घरातल्या सगळ्यांचाच विश्वास होता. गुगल ड्राइव्हसारख्या सेवा पुसलेली फाईल तीस दिवस कचरापेटीत ठेवतात. गेलेल्या वस्तूची आठवण माणसाला एकतिसाव्या दिवशी होते.

ब्राउझर हा या विषयाचा स्वतंत्र अध्याय आहे. संकेतस्थळे पाहण्याच्या सॉफ्टवेअरला ब्राउझर म्हणतात. लोक त्याला ‘नेट’ किंवा ‘गुगल’ म्हणतात. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला, पण निवृत्त झालेला मोठा साहेब कचेरीत येऊन बसतो तसा त्याचा निळा ई जुन्या संगणकांवर अजून बसलेला असतो. प्रत्येक दुकानात आज किमान तीन ब्राउझर नांदतात आणि त्यांची कामाची वाटणी एकत्र कुटुंबासारखी असते. एकात अर्ज उघडतो पण छपाई होत नाही. दुसऱ्यात छपाई होते पण अर्ज उघडत नाही. तिसऱ्यात दोन्ही होते, फक्त मराठीच्या जागी चौकोन दिसतात. मुनीम अर्ज पहिल्यात भरतो, दुसऱ्यात छापतो आणि तिसऱ्यात भाव पाहतो. पुण्याहून चिरंजीव फोनवर विचारतात, ‘बाबा, तीन-तीन कशाला ठेवलेत? एक काढून टाका.’ मालक उत्तर देतात, ‘काढायचा कोणता, ते ठरंना. तिघांचंबी काही ना काही अडतंय.’

ब्राउझरच्या बुकमार्कांना, म्हणजे खुणेच्या पानांना, सिंकमुळे पालवी फुटते. दुकानातल्या बारा खुणा आणि घरच्या बारा खुणा एकत्र केल्या की बारा व्हायला हव्यात, होतात चोवीस. चोवीस पाहून घाबरलेला माणूस सिंक बंद करून पुन्हा चालू करतो, तेव्हा अठ्ठेचाळीस होतात. यांपैकी हळदीच्या भावाच्या चार खुणा असतात आणि चारही गेल्या वर्षीच्या पानावर नेतात. टॅब कोणीच बंद करत नाही. मुनिमाच्या ब्राउझरमध्ये टॅब इतके असतात की त्यांची नावे दिसेनाशी होऊन नुसत्या काड्या उरतात. ‘बंद केलं आन् भाव गेला म्हंजे?’ असा त्याचा सवाल असतो आणि त्याला अजून कोणी समर्पक उत्तर दिलेले नाही.

नावांच्या जुळणीत वसमत गाव अग्रेसर आहे. इंग्रजी अक्षरांत त्याचा आरंभ बी, व्ही किंवा डब्ल्यू यांपैकी कशानेही होतो आणि शेवट कधी टी, कधी टीएच असा होतो. म्हणजे तीन गुणिले दोन, एकूण सहा वसमती झाल्या. एकाच शेतकऱ्याची सहा खाती निघू शकतात, आणि पाच खात्यांत बाकी शून्य असल्याने संगणक त्याला गरीब समजतो. मोबाईलचा कीबोर्ड याहून पुढे गेलेला आहे. त्यावर घाईने हिंगोली लिहिले की तो ‘रांगोळी’ सुचवतो आणि पोती रांगोळीला रवाना होतात.

मराठी अक्षरांची अडचण जुनी आहे. पूर्वीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच घरांत मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर ‘श्री गणेशाय नमः’ दिसे. नसलेल्या संगणकावर त्याच मजकुराच्या जागी कंस, टक्के, डॉलर आणि उद्गारचिन्हे यांची दंगल दिसे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीला स्वतःची १२८ घरांची वस्ती दिली आणि हा प्रश्न तत्त्वतः सुटला. व्यवहारात तो दुकानातल्या जुन्या खतावण्यांत शिल्लक आहे. मुनीम मात्र डॉलर पाहून खूश झाला होता. त्याला वाटले, हळद निर्यात झाली.

आता ओळख पटवण्याचा विधी. नवीन यंत्रावर सिंक सुरू करायची असली की पासवर्ड लागतो. तो भिंतीवरच्या कालनिर्णयच्या पानामागे, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलेला असतो. महिना संपतो आणि पान फाडले जाते. मग पासवर्ड बदलण्यासाठी ओटीपी येतो, तो चिरंजीवांच्या मोबाईलवर, कारण खाते त्यांनीच उघडून दिलेले असते.

‘अरे, ओटीपी आला का?’

‘बाबा, मी मीटिंगमध्ये आहे.’

‘मग मीटिंगमधल्यांना सांग, ओटीपी आलाय म्हणून.’

चिरंजीव कुजबुजत आकडे सांगतात. ‘एकोणसाठ…’ ‘एकोणसाठ म्हंजे पाचावर नऊ का सहावर नऊ?’ मराठीतील एकोणवाले आकडे घाईत नीट सांगता येत नाहीत, ऐकता तर मुळीच येत नाहीत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांचा निकाल लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. दुसरा मागवावा तर चिरंजीव आता फोन उचलत नाहीत. त्यांची मीटिंग संपलेली असते, साहेबांशी वेगळी बोलणी सुरू असतात.

हे सर्व पार पडले की आपण माणूस असल्याचे सिद्ध करावे लागते. नऊ चित्रे दाखवून ‘अग्निशमनाचे नळ असलेली सर्व चित्रे निवडा’ असे सांगतात. असला ठेंगणा लाल नळ अमेरिकेच्या फुटपाथवर उभा असतो. सेनगाव तालुक्यातल्या माणसाने तो जन्मात पाहिलेला नसतो, आणि तो न ओळखल्याबद्दल त्याला यंत्र ठरवले जाते. मालकांनी एकदा तिन्ही प्रयत्नांत हातपंप समजून बोट लावले आणि तिन्ही वेळा नापास झाले. ‘बैलगाडी दाखवा म्हणावं,’ ते म्हणाले, ‘मग बघतो कोण माणूस ते.’

अपडेट हा नैसर्गिक आपत्तीचा प्रकार होय. तो बीट, म्हणजे लिलाव, सुरू व्हायच्या वेळी येतो. ‘संगणक बंद करू नका’ अशी निळी पाटी लागते आणि शेकडेवारी चढू लागते. सत्त्याऐंशी टक्क्यांवर लाईट जाते. यूपीएस असतो, पण त्याची बॅटरी मागच्या उन्हाळ्यातच गेलेली असून सध्या त्याचा उपयोग चहाचे ग्लास ठेवायला होतो. लाईट आल्यावर शेकडेवारी शून्यापासून सुरू होते. या काळात दुकानातले सर्वजण पडद्याकडे पाहत बसतात. पाहिल्याने ती लवकर चढते, असा अनुभव आहे.

बिघाडाची कारणे शोधताना तीन उत्तरे मिळतात : सर्व्हर डाऊन आहे, रेंज नाही, आणि काल कोणीतरी हात लावला. यांतील पहिली दोन यंत्रांविषयी आहेत. तिसऱ्यातील ‘कोणीतरी’ कधीच सापडत नाही. मुनीम ‘ओके’चे बटण न वाचता दाबतो, मालक ‘रद्द करा’ न वाचता दाबतात, चिरंजीव दोन्ही न वाचता पुण्याहून सल्ला देतात. प्रत्येकाने आपली एक प्रत गुपचूप वेगळी काढून ठेवलेली असते, कारण बाकीचे दोघे घोळ करणार याची प्रत्येकाला खात्री असते. सिंकला याच प्रती जुळवायच्या असतात. प्रस्तुत नोंदीच्याही चार प्रती झाल्या असून यांपैकी कोणती छापली गेली, ते वाचकाला ठाऊक, कर्त्याला नाही.

उपाय मोजके आहेत. संगणक बंद करून चालू करणे हा पहिला. तो सर्वमान्य आहे. प्लग काढून फुंकर मारणे हा दुसरा. त्याला शास्त्रीय आधार कमी, पण अनुयायी अधिक. सिंक नव्या फाईलवर सोपवून जुन्या फाईलीचे बेणे वेगळ्या डिस्कवर झाकून ठेवणे हा तिसरा. तो सर्वांना पटतो आणि उद्यापासून सुरू होणार असतो.

चौथा उपाय लाल कापडी बांधणीच्या वहीचा. वही एकच असते, ती मुनिमाच्या मांडीवर असते, तिला पासवर्ड नसतो आणि लाईट गेली तरी ती उघडते. तिच्यात दोष एकच आढळला : मुनीम चार दिवस साळ्याच्या लग्नाला गेला आणि जाताना कपाटाची चावी खिशातच राहिली. तो परतल्यावर हा दोष दूर करण्यात आला. आता मालक रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढतात. तो दुकानातल्या संगणकावर आणि घरच्या लॅपटॉपवर आपोआप जावा, अशी सोय चिरंजीवांनी करून दिली आहे. कालपर्यंतचे फोटो गेलेले आहेत. आजचा निघाला आहे. बाण फिरत आहेत.